चौदावा मजला: विकायचा की सोसायचा?

पत्राचा सारांश: वाचक भगिनी ४३ वर्षांच्या आहेत. त्या नाशिकमध्ये सातपूरला नोकरी करतात, पती अंबडच्या कंपनीत आहेत. लग्नानंतरची बरीच वर्षं पंचवटीतल्या जुन्या वाड्यात भाड्यानं गेली. वाडा धोकादायक ठरला, सोडावा लागला आणि दोन वर्षांपूर्वी पाथर्डी फाट्याजवळ चौदाव्या मजल्यावर टू बीएचके घेतला. ७४ वर्षांच्या सासूबाई गेल्या पावसाळ्यात वीज गेली तेव्हा लिफ्टमध्ये वीसेक मिनिटं अडकल्या. तेव्हापासून दवाखाना सोडला तर त्या खाली उतरलेल्या नाहीत. दहा वर्षांचा मुलगा शाळेतून आला की मोबाइल घेऊन बसतो. दोनपैकी एक लिफ्ट सारखी बंद असते, उन्हाळ्यात टँकर येतात, मेंटेनन्सवरून ग्रुपवर रोज वाद होतात आणि बिल्डरनं अजून सोसायटी करून दिलेली नाही. पती म्हणतात, फ्लॅट विकून ओझरच्या प्लॉटवर घर बांधू. नणंद म्हणते, आईला माझ्याकडे नाशिकरोडला तळमजल्यावर राहू दे. भगिनी विचारतात: ‘एवढ्या उंचावर घर घेऊन आमचं चुकलं का? आता विकावं की सोसावं?’

ताई,

तुमच्या पत्रात सात-आठ तक्रारी आहेत आणि सगळ्या तुम्ही चौदाव्या मजल्याच्या नावावर मांडल्या आहेत. आधी त्या वेगळ्या करू. काही खरोखर उंचीच्या आहेत. काही, इमारत कुणीच सांभाळत नाही म्हणून आहेत. आणि एक-दोन तुमच्या घरातल्या आहेत. त्या तळमजल्यावर गेलात तरी राहतील. फ्लॅट विकला तर पहिल्या प्रकारच्या सुटतील. बाकीच्या सामानासोबत टेम्पोत बसून नव्या घरी येतील.

चुकलं का, याचं उत्तर आधी देते. नाही. वाडा धोकादायक ठरलेला, दोघांच्या नोकऱ्या सातपूर-अंबडला, मुलाची शाळा, हातात ठरावीक पैसे. त्या दिवशी तुमच्यासमोर जे पर्याय होते त्यात हा वाईट नव्हता. १९९१ च्या जनगणनेत साडेसहा लाखांचं असलेलं नाशिक २०११ ला जवळपास पंधरा लाखांवर गेलं. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली आणि आपल्याकडेही उंच इमारतींना जास्त वाव मिळाला. चार मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये वाढलेलं हे शहर बघता बघता चौदा आणि वीस मजल्यांवर गेलं, पण तिथे राहायचं कसं, हे कुणी शिकवलं नाही. तुमच्यासारखी पत्रं आता म्हसरूळ, आडगाव, गंगापूर रोड सगळीकडून येतात.

आता सासूबाई. सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते.

तुम्ही लिहिलंय, ‘त्यांना लिफ्टची भीती बसली.’ भीती आहेच. पण त्यांना खाली जाण्यासारखं काही उरलं आहे का, हेही बघा. वाड्यात त्या ओट्यावर गहू निवडत बसल्या असतील, तर येणारा-जाणारा थांबत होता. भाजीवाली टोपली टेकवत होती. बुधवारी गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा बाजार, काळारामाचं दर्शन, परतताना कुणाच्या तरी घरी चहा. यातलं काहीच ‘बाहेर जाणं’ नव्हतं. दाराशी बसलं की माणसं आपोआप भेटायची. चौदाव्या मजल्याच्या गॅलरीतून माणसं दिसतात, चेहरे ओळखू येत नाहीत. यान गेल नावाच्या डॅनिश वास्तुरचनाकारानं आयुष्यभर रस्त्यावरच्या माणसांचा अभ्यास केला. त्याचं म्हणणं असं की पाचव्या मजल्याच्या वर गेलं की घराचा रस्त्याशी संबंध तुटतो. हाक पोचत नाही आणि चेहरा कळत नाही. सासूबाईंचं नेमकं हेच झालंय. ही तक्रार खरोखर उंचीची आहे आणि ती मनाचे खेळ म्हणून झटकू नका.

तरीही त्यांच्या वतीनं निर्णय घेऊ नका. पत्रात तुम्ही काय म्हणता, पती काय म्हणतात, नणंद काय म्हणते, सगळं आहे. सासूबाई स्वतः काय म्हणतात याची एक ओळही नाही. त्यांना ‘तुम्हाला इथे करमतं का?’ असं विचारू नका, त्यावर त्या ‘माझं काय, चाललंय’ एवढंच म्हणतील. वाड्यातली कुठली वेळ जास्त आठवते, कोण आठवतं, असं विचारा. उत्तर ‘शेजारची’ असेल तर एक उपाय, ‘देऊळ’ असेल तर दुसरा, आणि ‘मला कुणाला विचारावं न लागता बाहेर पडता यायचं’ असं असेल तर तिसरा. नणंदेकडे जायचं का, हेही त्यांनाच विचारा. त्यांना हवं असेल तर महिनाभर जरूर जाऊ द्या, पण परतीचा दिवस ठरवून. नाहीतर दोन्ही घरी आपली अडचण होते असं म्हाताऱ्या माणसाला वाटायला वेळ लागत नाही.

वाड्याबद्दल एक बोलू का? आठवणीत तो वाडा सुंदर आहे आणि असू दे. पण नळाला पाणी आलं की घागरी, हंडे कोण भरत होतं? तो उभा लाकडी जिना, रात्री अंगण ओलांडून संडासला जाणं? २००८, २०१६, २०१९ ला गोदेला पूर आला, तेव्हा नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढलं हे बघून अख्खी पंचवटी सामान वर चढवायच्या तयारीत असायची. जमिनीलगतच्या घराचेही हाल असतात आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बायकांच्या वाट्याला येतात. पतींशी ओझरबद्दल बोलताना हे मनात असू द्या.

लिफ्टचं मात्र लगेच बघा. वीज गेली की बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी यंत्रणा असते, तिला सगळे एआरडी म्हणतात. सासूबाई वीस मिनिटं अडकल्या, याचा अर्थ तुमच्या लिफ्टला ती नाही, किंवा आहे पण बॅटरी मेलेली आहे. लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार कुणाबरोबर आहे, तो चालू आहे का, केबिनमधली घंटा आणि इंटरकॉम वॉचमनच्या टेबलावर वाजतो का, या तीन गोष्टी या आठवड्यात विचारा. लेखी विचारा. महाराष्ट्रात लिफ्टसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे. लिफ्ट चालवायला परवाना लागतो आणि सरकारी तपासणी होते. तो परवाना दाखवा म्हणणं हा तुमचा हक्क आहे.

यंत्रणा दुरुस्त झाली की सासूबाईंना स्वतः दाखवा. दुपारी तीनच्या सुमाराला, लिफ्टला गर्दी नसताना, तुम्ही दोघी आत जा आणि लिफ्टची देखभाल करणाऱ्या माणसाला मुद्दाम मेन स्विच बंद करायला सांगा. लिफ्ट थांबेल, जरा वेळानं हलेल, मजल्यावर येऊन दार उघडेल. नुसतं ‘घाबरू नका’ म्हणून जे होणार नाही ते या एका फेरीत होऊ शकतं. अडकलंच कुणी, तर आतली हवा संपत नाही, केबिनला हवेसाठी जागा ठेवलेली असते. दार ओढून उघडायचं नाही, मजल्यांच्या मध्ये थांबली असेल तर बाहेर उतरायचा प्रयत्न करायचा नाही. घंटा दाबायची आणि बसून राहायचं. सासूबाईंच्या गळ्यातल्या पाउचमध्ये साधा बटणांचा मोबाइल आणि वॉचमनचा नंबर असू द्या. आणि लॉबीत एक बाक ठेवून घ्या. पायऱ्यांजवळ, येणारे-जाणारे दिसतील असा, पाठीला टेकायला असलेला. आमच्या ओळखीच्या एका इमारतीत असा बाक ठेवला. आधी दोन आज्या बसायला लागल्या, मग संध्याकाळी तिथं जागा मिळेना. तुमच्या इमारतीतही सासूबाईंसारख्या चार जणी नक्की घरात बसून आहेत. त्यांना एकमेकींची माहिती नाही, एवढंच.

आता इमारत. टँकर, बंद लिफ्ट, मेंटेनन्सचे वाद हे तुम्ही तीन त्रास म्हणून लिहिले आहेत. मूळ एकच आहे: दोन वर्षं झाली तरी तिथे कुणी धनी नाही. वाड्यात पन्हाळ गळलं तर मालकाला शिव्या देता येत होत्या. उंच इमारतीत घरात पाण्याचा एक थेंब येण्यासाठीसुद्धा खालची टाकी, पंप, पंपाची वीज, वरची टाकी आणि तो पंप सुरू करणारा माणूस इतकं सगळं लागतं. ते सगळ्यांचं मिळून आहे. तुम्ही फक्त आठशे-नऊशे चौरस फूट विकत घेतलेलं नाही, या सगळ्यातला हिस्साही घेतला आहे. तो हिस्सा सांभाळायचं काम बिल्डरवर सोडलं की तो मेंटेनन्सचा आगाऊ घेतलेला पैसा संपेपर्यंत बघतो आणि मग फोन उचलत नाही, असा बऱ्याच ठिकाणचा अनुभव आहे.

कायदा इथे तुमच्या बाजूनं आहे. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, त्याच्या राज्य नियमांप्रमाणे ५१ टक्के फ्लॅट बुक झाल्यापासून तीन महिन्यांत संस्था, म्हणजे सोसायटी नोंदवण्याची जबाबदारी बिल्डरची आहे. तो टाळत असेल तर फ्लॅटधारक स्वतः सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज करू शकतात आणि बिल्डरच्या असहकारानंतरही नोंदणी होते. या कायद्याखालच्या महारेरा प्राधिकरणाकडे तक्रारीचा मार्ग वेगळा खुला आहे. संस्थेनं ताबा घेईपर्यंत लिफ्ट, पाणी, सफाई या सेवा चालू ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. आणखी एक महत्त्वाचं: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा सेवांमधला दोष कळवला, तर तो बिल्डरनं ३० दिवसांत स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. तुमची दोन वर्षं गेली, तीन उरली. गळती, भिंतीची चीर, सारखी बिघडणारी लिफ्ट, सगळ्याचे तारखेसह फोटो आजपासून काढून ठेवा आणि पत्र स्पीड पोस्टानं पाठवा. ग्रुपवर केलेल्या तक्रारीवर विसंबू नका.

संस्था ताब्यात घेताना मंजूर नकाशे, पूर्णत्वाचा दाखला, लिफ्टचा परवाना, अग्निशमन विभागाची परवानगी, टाक्यांच्या क्षमतेची माहिती आणि आगाऊ मेंटेनन्सचा खर्चवार हिशेब मागा. पूर्णत्वाचा दाखला मी मुद्दाम म्हणते आहे. ‘कपाटा’चा प्रश्न नाशिककर विसरलेले नसतील. नकाशात न धरलेली कपाटांची जागा घरात घेतली गेली आणि शहरातल्या कितीतरी इमारतींचे दाखले अडकून पडले. लोक राहायला गेलेले, हप्ते चालू, आणि कागद अपुरे. तुमचा दाखला आहे का ते आधी बघा, कारण फ्लॅट विकायचं ठरलं तरी पुढचा माणूस आणि त्याची बँक पहिल्यांदा तोच मागणार.

मेंटेनन्सच्या वादाबद्दल. तुमच्या ग्रुपवर पहिल्या-दुसऱ्या मजल्याचे लोक म्हणतात की आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही पैसे का द्यायचे? सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नमुना नियमावलीत, याचं उत्तर स्पष्ट आहे: लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा द्यायचा, वापरो वा न वापरो. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर. मात्र तुमच्याकडे सोसायटी होणार की १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं ‘अपार्टमेंट’, ते करारनाम्यात बघा. नाशिकमध्ये अपार्टमेंट बरीच आहेत आणि तिथे खर्च अविभक्त हिश्श्याप्रमाणे वाटला जातो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. निम्मी भांडणं आपण कुठल्या नियमाखाली आहोत हे माहीत नसल्यामुळे होतात.

आणि मेंटेनन्स कमी ठेवण्याच्या मागे लागू नका. हे अप्रिय आहे, तरी लिहिते. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत जायला हवा. तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च ३० लाख धरला तर हे वर्षाला साडेबावीस हजार आणि साडेसात हजार झाले, मिळून महिन्याला अडीच हजार. हे रोजच्या मेंटेनन्सच्या वर. ऐकायला जड वाटतं. पण चार मजल्यांची इमारत लिफ्टशिवाय चार दिवस काढू शकते, चौदा मजल्यांची नाही. पंधरा वर्षांनी लिफ्ट बदलायची वेळ आली आणि निधीत खडखडाट असला, तर वरच्या मजल्यावरचे लोक सगळ्यात आधी अडकतील. म्हणजे तुम्हीच. पतींना हा हिशेब दाखवा. विकायचं की नाही ठरवताना तो हप्त्याइतकाच खरा आहे.

पाण्यासाठी, मनपाचं पाणी किती येतं आणि टँकर किती लागतात हे दोन महिने रोज एका वहीत लिहून ठेवायला वॉचमनला सांगा. त्या वहीशिवाय मनपाकडे वाढीव जोडणी मागताना तुमच्या शब्दाला वजन येणार नाही. शहराला गंगापूर, मुकणे आणि दारणा अशा तीन धरणांचं पाणी मिळतं, त्यामुळे टंचाई आपल्या इमारतीपुरती आहे की सगळ्या भागाची, हे आधी शेजारच्या दोन इमारतींत विचारून घ्या. फक्त आपल्याकडेच असेल, तर बहुधा खालची टाकी लहान आहे किंवा कुठेतरी गळते आहे.

आता ओझर. पतींच्या डोक्यात अंगण आहे, आईसाठी ओटा आहे आणि त्यामागची माया खरी आहे. पण मग रोज महामार्गानं यायचं, द्वारका ओलांडून अंबडला आणि सातपूरला पोचायचं. दोघंही सकाळी निघून रात्री घरी. त्या अंगणात दिवसभर सासूबाई एकट्या. शेजारचे प्लॉट रिकामे असतील तर चौदाव्या मजल्यावर निदान समोरचं दार तरी आहे. एका सुट्टीच्या नव्हे, कामाच्या दिवशी सकाळी आठला ओझरहून निघून बघा. मग ठरवा.

घाईनं विकण्यात पैसाही जातो. खरेदीच्या वेळचं मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे परत येत नाहीत, नव्या घराला पुन्हा भरावे लागतात. जुन्या करपद्धतीत गृहकर्जाच्या मुद्दलावर सवलत घेतली असेल, तर पाच वर्षांच्या आत घर विकल्यावर ती उत्पन्नात परत धरली जाते. सीएशी बोलून घ्या.

मला जो मार्ग बरा वाटतो तो तुमच्या पत्रात नाही. याच संकुलात दुसरा-तिसरा मजला भाड्यानं मिळतो का बघा आणि चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं द्या. वरच्या मजल्याला वारा आणि उजेड जास्त, भाडेकरू मिळायला अडचण येऊ नये. स्वतः न राहता फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दल संस्था जे शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. शाळा, नोकरी, शेजार तोच राहतो. सासूबाईंना जिन्यानं उतरता येतं. मुलाला खिडकीतून हाक मारता येते. हा शेवटचा मुद्दा छोटा समजू नका. दहा वर्षांचा मुलगा मोबाइल घेऊन बसतो, कारण खाली पाठवला की तुमच्या नजरेआड होतो आणि त्याला तोवर मोबाइल देणं तुम्हाला सोपं जातं. यात तुमचा दोष नाही. पण मजला बदलेपर्यंत थांबूही नका. तुमच्या मजल्यावर आणि वर-खाली मिळून त्याच्या वयाची मुलं शोधा, त्यांच्या आई-वडिलांशी बोला, आणि संध्याकाळी साडेपाच ते सात रोज एका मोठ्या माणसानं खाली बसायचं अशी पाळी लावा. आठवड्यातून एकदा तुमची पाळी येईल. त्याच वेळी त्या बाकावर सासूबाई असतील तर पाळीचीही गरज कमी होईल.

वर्षभर असं राहून बघा. तोवर सोसायटी उभी राहिली, लिफ्ट सुधारली आणि तरीही सासूबाईंना, तुम्हाला नकोसंच वाटलं, तर विका. तेव्हा कागद पुरे असतील, किंमतही बरी येईल आणि पतींशी भांडून घेतलेला निर्णय नसेल.

एक गोष्ट मात्र वर्षभर थांबू शकत नाही. तुमच्या पत्रात आगीचा उल्लेखच नाही. महाराष्ट्रात २००६ चा कायदा आहे: अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. तुमच्या इमारतीचं शेवटचं कधी दिलं ते विचारा. रेफ्युज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा, कुठल्या मजल्यावर आहे, त्याला कुलूप आहे का, तिथे कुणाची सायकल, फर्निचर, कुंड्या आहेत का, हे येत्या रविवारी मुलाला घेऊन जिन्यानं उतरत बघून या. आग लागली तर लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही, हे त्याला तिथेच सांगा. सासूबाईंना कुणी धरून उतरवायचं, हेही घरात आधी ठरवून ठेवा, आणि तुम्ही दोघं कामावर असताना ते कोण करेल याबद्दल समोरच्या दारावर जाऊन बोला.